आजोबांच्या नावाने आलेली नोटीस : कामठीत मेट्रोसाठी साडेदहा फूट जागा देताना

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, ३१ मार्च २०२३ ला, शाळेतून घरी आले तर आमच्या दुकानाच्या खांबावर लाल रंगाची फुली होती. समोर रस्त्याच्या कडेला तिपाईवर यंत्र लावून दोन मुलं मोजमाप करत होती. मी विचारलं तर एक जण अदबीने म्हणाला, "मॅडम, सध्या फक्त सर्व्हे आहे." त्या दिवसापासून खरेदीखतावर सह्या होईपर्यंत जवळजवळ बावीस महिने गेले. या काळात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की आपल्यासारखाच कुणी घरमालक या सगळ्यातून कसा गेला, हे मराठीत लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही. हिंगणा, बुटीबोरी, कापसीकडच्या कुणाच्या घरी असाच कागद आला असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी शिक्षिका आहे, वकील नाही. माझ्यासोबत घडलं तेवढंच सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी. नागपूरची मेट्रो मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी अशी सुरू झाली. ११ डिसेंबर २०२२ ला ती आमच्या बाजूला ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत आली आणि त्याच दिवशी दुसऱ्या टप्प्याचं भूमिपूजन झालं. हा टप्पा ४३.८ किलोमीटर आणि ३२ स्थानकांचा. त्यात चार दिशांना चार फाटे : मिहानच्या पुढे बुटीबोरी एमआयडीसीकडे, लोकमान्य नगरहून हिंगण्याला, प्रजापती नगरहून ट्रान्सपोर्ट नगरला आणि ऑटोमोटिव्ह चौकातून कामठीमार्गे कन्हान नदीपर्यंत. कामठीची माणसं रोज कामाला नागपूरला जातात आणि ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत शेअर ऑटोत दाटीवाटीने बसतात. मीही बसते. त्यामुळे मेट्रो यावी असं मला मनापासून वाटत होतं आणि आजही वाटतं. खांब दुभाजकावर उभे राहतात, तिथे कुणाचं काही जात नाही. पण स्थानकाचे जिने, लिफ्ट आणि खाली उतरल्यावर चालायची जागा कडेला लागते. आमचा प्लॉट तिथेच येत होता.

प्लॉट आजोबांचा. ते छावणीत शिंपीकाम करायचे, फौजी वर्दी शिवायचे. १९७१ साली त्यांनी छावणीच्या हद्दीबाहेर ही जागा विकत घेतली. पुढे तीन दुकानांच्या खोल्या, मागे घर, आणि ओट्याला लागून आत्याच्या लग्नाच्या वर्षी लावलेला कडुनिंब. आजोबा १९९४ ला गेले, आजी २००३ मध्ये, काका २०१५ मध्ये आणि बाबा २०२१ च्या मे महिन्यात.

पहिले सहा महिने नुसत्या अफवांत गेले. कुणी म्हणे पूर्ण घर जाणार, कुणी म्हणे पुढची लाईन सगळी साफ. आईची झोप उडाली होती. तेव्हाच मी एक दोनशे पानी वही केली. कोण आलं, काय बोललं, कोणता कागद दिला, सगळं तारखेसह लिहून ठेवायचं. ती वही पुढे इतक्या वेळा कामी आली, की कुणी मला एकच गोष्ट विचारली तर मी तीच सांगते. सर्व्हेची माणसं आली की ओळखपत्र बघा, खुणांचे फोटो काढा, तारीख टाका.

नोटीस आली १८ सप्टेंबर २०२३ ला, गणपतीच्या आदल्या दिवशी. आमच्या प्लॉटमधली ३१.२ चौरस मीटर जागा लागणार, म्हणजे बत्तीस फूट रुंदीभर साडेदहा फूट आत. कागदपत्रं घेऊन या आणि संयुक्त मोजणीला हजर राहा, असं लिहिलं होतं. नोटीस आजोबांच्या नावाने होती. त्यांना जाऊन एकोणतीस वर्षं झाली होती आणि आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डवर, अजून त्यांचंच नाव होतं. आईने ते नाव वाचलं आणि डोक्यावर पदर घेतला, जणू सासरे दारात उभे आहेत.

खरं काम इथून सुरू झालं, आणि त्यातलं बहुतेक आमच्या घरातलंच होतं. जागा लागते किती, भाव काय, हे प्रश्न नंतरचे. मालक कोण, हे आधी कागदावर सिद्ध करायचं होतं.

आखीव पत्रिकेची डिजिटल सहीची प्रत ऑनलाइन ९० रुपयांत मिळाली. १९७१ चं मूळ खरेदीखत घरात नव्हतं. दुय्यम निबंधक कार्यालयात जुन्या सूचीतून नोंद शोधून नक्कल काढायला तीन आठवडे आणि चार फेऱ्या लागल्या. आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यात नावापुढे "राव" होतं, आखीव पत्रिकेवर नव्हतं. एवढ्यासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं. इथे एक सांगते. सरकारी कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर चालतं. मला हे तिसऱ्या प्रतिज्ञापत्रानंतर कळलं. आजी पांढुर्ण्याला आत्याकडे असताना गेली, म्हणून तिचा दाखला मध्य प्रदेशातून आणावा लागला.

मग वंशावळ. आजोबांची तीन मुलं : बाबा, काका आणि आत्या. बाबांच्या मागे आई, दादा आणि मी. काकांच्या मागे काकू आणि दोन मुलं, एक वाडीला, एक भिलाईला. म्हणजे सात जण. वहीत हिशेब मांडला. जागा आजोबांनी स्वतः कमावलेली होती आणि मृत्युपत्र नव्हतं. अशा वेळी मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच, आणि हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच आहे. मुलींना हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला असं सगळे सांगतात, पण ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र मिळकतीबाबत आहे. आमच्या बाबतीत आत्याचा वाटा १९९४ पासूनच होता : आजी होती तोवर एक चतुर्थांश, आणि आजी गेल्यावर एक तृतीयांश. आम्हा बाकी सहा जणांचा प्रत्येकी एक नवमांश. एकट्या आत्याचा वाटा आम्हा तिघांच्या बेरजेइतका.

ज्यांनी ज्यांनी ही वंशावळ पाहिली, त्यातल्या बहुतेकांनी एकच सल्ला दिला : "आत्याबाईचं हक्कसोडपत्र घेऊन टाका, झटकन मोकळं होते." ओळखीचे म्हणाले, अर्ज लिहून देणारे म्हणाले. चुलतभावाने फोनवर विचारलं, "तिला एवढा कशाला? तिचं लग्न तर आजोबांनी थाटात केलं होतं." मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. मीही एक रात्र तो हिशेब दोन्ही प्रकारे करून पाहिला, आत्याला धरून आणि आत्याला सोडून. हे इथे लिहायला जड जातं, पण लपवणंही बरोबर वाटत नाही. सकाळी दादाचा पुण्याहून फोन आला. तो एवढंच म्हणाला, "उद्या मी तुला हक्कसोड मागितलं तर?" विषय तिथेच संपला. चुलतभावाला काकूंनीच समजावलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी रेल्वेने पांढुर्ण्याला गेले. आत्या ७८ वर्षांच्या. त्यांना सगळं समजावून सांगितलं, नोटीस वाचून दाखवली. त्यांनी पैशाबद्दल काही विचारलं नाही. म्हणाल्या, "पोरी, तो निंब हाय ना अजून? त्याले तोडतीन का?" मी हो म्हटलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर पेटीतून आधार कार्ड, पासबुक आणि पदराच्या गाठीत बांधलेले पाचशे रुपये काढून माझ्या हातात दिले. "फोटोकाप्यांले लागतीन तुले."

वारस नोंदीचा अर्ज २० ऑक्टोबर २०२३ लाच दिला होता. सगळ्या वारसांना नोटीस निघते, हरकत घ्यायला मुदत असते, मग नोंद प्रमाणित होते. कागदावर हे दोन-तीन महिन्यांचं काम दिसतं. आम्हाला आठ महिने लागले. आमची फाईल एका टेबलावर तीन महिने नुसती पडून होती. एका पानावर एका वारसाची सही राहिली होती आणि ते आम्हाला कुणी कळवलंच नाही. दर वेळी "चालू आहे" हेच उत्तर. शेवटी मी लेखी अर्ज दिला : फाईलची सद्यस्थिती आणि त्रुटी लेखी कळवाव्यात. आवक क्रमांक घेतला. दहा दिवसांत त्रुटी कळली आणि एका सहीत प्रश्न सुटला. तोंडी चौकशीत तीन महिने घालवू नका. पहिल्या महिन्यातच लेखी विचारा आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या.

मधे लोकसभेची निवडणूक आली. १९ एप्रिल २०२४ ला आमच्या रामटेक मतदारसंघात मतदान होतं, आणि मी स्वतः मतदान केंद्रावर कामाला होते. माझ्या शेजारच्या खुर्चीवर भूमापनातले एक कर्मचारी होते. त्यांच्या टेबलावर किती फायली वाट बघत आहेत, हे त्यांनी दुपारी डबा खाताना सांगितलं. त्या दिवसानंतर मला कचेरीतल्या माणसांचा राग कमी आला. फाईलचा पाठपुरावा मात्र मी कमी केला नाही. २८ जून २०२४ ला नोंद प्रमाणित झाली.

त्याआधीच ९ जानेवारीला संयुक्त मोजणी झाली होती. ती डिसेंबरात होणार होती, पण हिवाळी अधिवेशनामुळे पुढे गेली. नागपूरकरांनी डिसेंबरातली तारीख पक्की समजू नये. मोजणीच्या दिवशी रजा काढून घरीच थांबा. भूमी अभिलेखचे, प्रकल्पाचे आणि बांधकामाचं मूल्यांकन करणारे असे लोक एकत्र येतात आणि दोन तासांत जे कागदावर लिहिलं जातं, त्यावरच पुढचा सगळा हिशेब उभा राहतो. आमच्या पंचनाम्यात खोल्या, शटर, टिनाचं छत आणि निंब आला. ओटा, बोअरवेल आणि जमिनीखालची संडासाची टाकी राहिली. वाचल्याशिवाय सही करायची नाही हे आधीच ठरवलं होतं, म्हणून बोअर आणि ओटा तिथेच लिहून घेतला. टाकी जमिनीखाली, ती माझ्याही लक्षात आली नाही.

भाडेकरूंचं वेगळंच झालं. मधल्या खोलीत काकाजींचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, २६ वर्षांपासून. ज्या दिवशी दुकानदारांची नावं लिहून घेणारे आले, त्या दिवशी काकाजी एका लग्नाला रामटेकला गेले होते. दुकान बंद, म्हणून यादीत नाव नाही. भाडेकरार कधी लिहिलेलाच नव्हता, बाबांचा आणि त्यांचा सगळा व्यवहार तोंडी. संध्याकाळी ते येऊन पायरीवर बसले. म्हणाले, "म्याडम, तुमचं तं होईन काही ना काही. आपलं कसं होईन?" आम्ही त्यांचा गुमास्ता परवाना, त्यांच्या नावावरची विजेची बिलं आणि २००४ सालचा एक फोटो जोडला. फोटोत ते दुकानासमोर नवी सायकल धरून उभे आहेत आणि मागे पाटी दिसते. मालक म्हणून आम्ही पत्र दिलं की हे आमचे भाडेकरू आहेत. पुरवणी यादीत त्यांचं नाव आलं. तुमच्याकडे कुणी भाड्याने असेल तर त्याची कागदपत्रं आधीच गोळा करून ठेवा. दुकान त्याचं आहे हे त्या वेळी मालकाने सांगितलं नाही, तर दुसरं कोण सांगणार?

दराचं पत्र ९ ऑगस्ट २०२४ ला आलं. रक्कम इथे लिहीत नाही, तिच्यात सात जणांचा वाटा आहे. हिशेब कसा होतो ते मात्र सांगते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीची बाजारकिंमत मुख्यतः दोन प्रकारे काढतात. एक, वार्षिक मूल्यदर तक्ता, ज्याला आपण रेडीरेकनर म्हणतो. दुसरा, आसपासच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी जास्त भावाची निम्मी घेऊन त्यांची सरासरी. यातला जो आकडा जास्त, तो धरायचा. त्यात बांधकाम, झाडं, बोअर यांची किंमत मिळवायची, आणि एकूण बेरजेवर तेवढीच, म्हणजे १०० टक्के, दिलासा रक्कम. आम्हाला दोन रस्ते होते. सक्तीचं संपादन होऊ द्यायचं, किंवा वाटाघाटीने थेट विकायचं. थेट खरेदीत आमच्या पत्राप्रमाणे कायद्याने निघणाऱ्या मोबदल्यावर २५ टक्के जास्त मिळणार होते, पण एकदा संमती दिली की पुढे वाढीव मोबदल्यासाठी कोर्टाची वाट उरत नाही. सक्तीच्या संपादनात ती वाट उघडी असते, वेळ मात्र जातो. आत्यांचं वय पाहून आम्ही थेट खरेदी निवडली. जमीन मोठी आणि दर वादाचा असेल, तर तुम्ही वेगळं ठरवाल.

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर जुन्या खरेदी-विक्रीच्या नोंदी शोधता येतात. मी तीन रविवार बसून आमच्या रस्त्यावरचे सहा व्यवहार काढले. त्यातले दोन दराच्या हिशेबात धरलेले नव्हते. खासगी मूल्यांककाकडून बांधकामाचा अहवाल करून घेतला, त्याचे ७,५०० रुपये लागले. टाकी त्यातच आली. हे सगळं घेऊन ३ सप्टेंबरच्या बैठकीला गेले. घसा कोरडा पडला होता. तिथल्या अधिकारी बाईंनी प्रत्येक कागद शांतपणे पाहिला, टाकी मान्य केली आणि दोनपैकी एक व्यवहार धरला. दुसरा का धरता येत नाही, तेही समजावलं. ऑक्टोबरच्या दहा तारखेला सुधारित पत्र आलं.

आणखी एक कलम माहीत असू द्या. सक्तीच्या संपादनात इमारतीचा काही भाग जात असेल आणि उरलेला भाग वापरण्यासारखा राहत नसेल, तर पूर्ण इमारत घ्या अशी मागणी मालक करू शकतो. हे कलम ९४. आमच्या खोल्या १८ फूट खोल होत्या. त्यातले साडेदहा फूट गेले तरी मागची भिंत सरकवून दुकानं टिकत होती, म्हणून ते वापरलं नाही. करसल्लागाराकडे एकदा जरूर जा. या कायद्याखालच्या मोबदल्याला आयकरातून सूट आहे, पण तुमचा करार नेमका कोणत्या कलमाखाली होतो हे त्याला दाखवून घ्या.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि सगळं पुन्हा थांबलं. खरेदीखत झालं २१ जानेवारी २०२५ ला. त्याआधी वकिलाचा शोध अहवाल, म्हणजे जुन्या नोंदी तपासून मालकीबद्दल दिलेला अहवाल, त्याचे ५,००० रुपये. नकला, प्रतिज्ञापत्रं, प्रवास धरून एकूण खर्च २३ हजारांच्या आसपास गेला. नोंदणीचा खर्च आमच्याकडे नव्हता. आमचा बाकीचा खर्च आम्ही सात जणांत वाट्याप्रमाणे वाटून घेतला, आणि हे पहिल्याच दिवशी ठरवलं होतं म्हणून पुढे कुणाचं मन दुखलं नाही.

त्या दिवशी सगळे आले. भिलाईचा भाऊ रात्रीच्या गाडीने, दादा पुण्याहून. आत्यांना आम्ही गाडी करून आणलं. अंगठा घेताना यंत्राला आत्यांचे ठसे लागेनात. साठ वर्षं शेतात आणि चुलीपाशी काम केलेली बोटं, रेघा पुसल्यासारख्या झालेल्या. एक बोट, दुसरं बोट, ओलं करून, पुसून. मागे रांग वाढत होती आणि आत्या सारख्या म्हणत होत्या, "राहू दे ना, तुम्ही करून घ्या." तिथला मुलगा फार चांगला होता. त्याने त्यांचे दोन्ही हात आपल्या रुमालाने पुसले, थोडा वेळ उन्हात बसायला सांगितलं आणि पुन्हा बोलावलं. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचा ठसा लागला. घरात कुणी वयस्क असेल तर आदल्या दोन-तीन रात्री हाताला खोबरेल तेल लावा आणि सकाळी साबणाने धुऊन न्या. हे मला तिथेच एका बाईंनी सांगितलं.

पैसे सात जणांच्या खात्यांत वेगवेगळे जमा झाले. पहिले २९ जानेवारीला, शेवटचे ३ फेब्रुवारीला. भिलाईच्या भावाच्या खात्याचा आयएफएससी कोड बँकांच्या विलीनीकरणामुळे बदललेला होता, म्हणून त्याला उशीर झाला. रद्द केलेला धनादेश देण्याआधी त्यावरचा कोड तपासून घ्या.

ताबा २८ फेब्रुवारीला दिला. शटर, पत्रे, दारं आम्ही आधीच काढून घेतली होती. निंब तोडायला माणसं आली तेव्हा आई मागच्या खोलीत जाऊन बसली. मी थांबले. एक फांदी आत्यांसाठी ठेवली. काकाजींनी खोडाचा एक ओंडका मागितला आणि त्यावर आता ऐरण बसवली आहे. त्यांचं दुकान साडेसात फुटांचं झालं, सायकली बाहेर लावायला जागा नाही. भाडं आम्ही निम्मं केलं.

समोर आता पत्र्यांचे कुंपण आहे, धूळ आहे, पावसात चिखल आहे. रात्री अकरापर्यंत यंत्रं चालतात. आईला धुळीचा त्रास होतो म्हणून पुढच्या खिडक्यांना ओले पडदे लावले आहेत. विद्यार्थ्यांना रोज विचारायचं असतं, "मॅडम, तुमच्या घरासमोरूनच का जिना निघेल?"

एक काम राहिलं आहे. उरलेल्या जागेची नवी आखीव पत्रिका, ३१.२ चौरस मीटर वजा करून, अजून हातात आलेली नाही. अर्ज दिलाय, आवक क्रमांक वहीत आहे. वारस नोंदीनंतरची जुनी प्रत मात्र पांढुर्ण्याला पोचवली. आत्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून स्वतःचं नाव शोधलं आणि विचारलं, "माह्या बापाच्या घरच्या कागदावर हे पहिल्यांदाच आलं का?" मी हो म्हटलं. त्यांनी ती प्रत घडी न घालता पेटीत, साड्यांच्या वर ठेवली.